दोन पेन्सिल सेलवर वाढलेली सिस्टीम: जुन्या स्मार्टफोनचे गुण आणि दोष

अमळनेरच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने मला विचारलं आहे: "काका, सुरुवातीचे स्मार्टफोन आणि त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीम असा आमच्या प्रोजेक्टचा विषय आहे. सगळीकडे एवढंच सापडतं, की ते हळू होते, ॲप कमी होती आणि स्क्रीन लहान होती. मग आमच्या आजोबांनी त्यांचा नोकिया एन73 आठ वर्षं का वापरला? आणि एवढा चांगला होता तर तो प्रकारच संपला कसा? सेट अजून कपाटात आहे. चालू होईल का? त्यात आजीचे फोटो आहेत."

जळगावात दुरुस्तीच्या टेबलावर मी 2003 पासून बसतो. हळू होते हे खरंच आहे, पण तेवढंच लिहिलंस तर निम्मी गोष्ट राहून जाईल. हे फोन मी हजारोंनी उघडले आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं. त्या काळातल्या प्रत्येक सिस्टीमने काहीतरी एक जपायचं ठरवलं होतं. कुणी बॅटरी जपली, कुणी ईमेल, कुणी बोटाचा स्पर्श. जे जपलं तो तिचा गुण झाला आणि ते जपताना जे सोडून दिलं तोच पुढे दोष ठरला. म्हणून गुणांची एक यादी आणि दोषांची दुसरी असं करू नकोस. दोन्हींचं मूळ एकत्र शोध.

आजोबांच्या एन73 मधल्या सिम्बियन या ऑपरेटिंग सिस्टीमपासूनच सुरू करू. 1998 मध्ये सायऑन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिम्बियन कंपनी काढली. यातली सायऑन ही ब्रिटिश कंपनी खिशात मावणाऱ्या डायऱ्या बनवायची. 1997 साली आलेली तिची सिरीज 5 ही कीबोर्डवाली डायरी दोन पेन्सिल सेलवर चालायची, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलवर. तिच्यातली ईपॉक ही सिस्टीम हीच सिम्बियनची आई. लहानपणापासून दोन सेलवर दिवस काढलेली ही सिस्टीम वीज आणि मेमरी दोन्ही तोलून-मापून वापरायची. काम नसलं की प्रोसेसर झोपायचा. मेमरी संपली तरी उघडी फाईल खराब न होता प्रोग्राम नीट मागे कसा फिरेल, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधीच लिहून ठेवावं लागायचं.

नोकिया 6600 आठवतोय का कुणाला? पोटाला गोलाकार असा तो जाड सेट 2003 साली आला. प्रोसेसर 104 मेगाहर्ट्झचा, आतली जागा 6 एमबी, स्क्रीन 176 बाय 208 ठिपक्यांची. आज साध्या फोनने काढलेला एक फोटोही त्या 6 एमबीत मावेल याची खात्री नाही. तरी त्यात एका वेळी गाणं वाजायचं, मेसेज लिहिता यायचा, मागे ब्लूटूथवरून फाईल येत राहायची. मेनूचं बटण दाबून धरलं की चालू असलेल्या प्रोग्रामची पट्टी समोर यायची. आयफोनवर बाहेरून घातलेले दोन प्रोग्राम असे बरोबर चालायला 2010 उजाडावं लागलं.

आता तुझे आजोबा. त्या वर्षांत आपल्याकडे खेड्यात बारा-बारा तास भारनियमन होतं. रात्रीची लाईट विहिरीवरच्या मोटारीसाठी, त्यातच फोन चार्ज करायचा. पारोळ्याकडचा एक शेतकरी दर सोमवारी बाजाराच्या निमित्ताने दुकानात यायचा. त्याच्या बंडीच्या खिशात बीएल-5सी च्या दोन जादा बॅटऱ्या असायच्या, रबर बँडने बांधलेल्या. तारांची दोन टोकं सरकवून बॅटरीच्या पट्ट्यांना टेकवायची, असा तीस-चाळीस रुपयांचा चार्जर तेव्हा मिळायचा. एक बॅटरी फोनमध्ये, एक चार्जरवर, एक खिशात. एकदा तो बंद सेट टेबलावर ठेवून म्हणाला, "भाऊ, काय व्हयनं याले?" झालं काहीच नव्हतं. मागच्या झाकणाखाली कापसाचा बारीक भुगा साठून बॅटरीच्या पिना झाकल्या गेल्या होत्या. ब्रश मारला आणि फोन लागला. आजचा फोन उघडायला आधी गरम पॅड लागतं, मग गोंद सुटतो. आठ वर्षांचं अर्धं उत्तर इथे आहे: बॅटरी बदलता यायची, कव्हर दहा मिनिटांत बदलता यायचं, आणि आतली सिस्टीम वर्षागणिक जड होत नव्हती.

पण हीच काटकसर प्रोग्रामरला फार महाग पडली. सिम्बियनचं सी++, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शाळेत शिकवतात तशी नव्हती. साधा मजकूर साठवायलाही वेगवेगळ्या प्रकारचे डिस्क्रिप्टर, मेमरीच्या हिशेबासाठी क्लीनअप स्टॅक, वाट पाहणाऱ्या कामांसाठी ॲक्टिव्ह ऑब्जेक्ट. 6 एमबीच्या फोनमध्ये हे नियम शहाणपणाचे होते. 2008 मध्ये मेमरी दहापट झाली, तरी नियम तेच राहिले. दुसऱ्या सिस्टीमवर आठवड्यात उभा राहणारा प्रोग्राम इथे महिने खायचा, म्हणून ॲप कमी. त्यात सिम्बियनचं घरही एक नव्हतं. नोकियाचा चेहरा, म्हणजे समोर दिसणारे मेनू आणि स्क्रीन, एस60, सोनी एरिक्सनच्या पी800, पी900 चा यूआयक्यू, जपानात तिसराच. एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालायचा नाही. तुझ्या प्रोजेक्टमध्ये "सिम्बियनला ॲप नव्हती" असं लिहिशील तिथे हे कारणही लिही.

आणखी एक कारण आहे, ते माझ्या टेबलावर रोज यायचं. जून 2004 मध्ये काबीर नावाचा व्हायरससारखा किडा आला, ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्यात उडी मारणारा. समोरच्या स्क्रीनवर "मेसेज घ्यायचा का?" असा प्रश्न यायचा. नाही म्हटलं तर पुन्हा. परत नाही म्हटलं तर परत. लग्नाच्या मांडवात दोन-अडीचशे माणसं, कंटाळून कुणीतरी हो म्हणायचंच. फोन मग शेजारचे फोन शोधत राहायचा आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी झोपायची. पुढच्या वर्षी कॉमवॉरियर आला, तो एमएमएसमधूनही जायचा, म्हणजे वर पैसेही कापले जायचे. दुकान उघडलं की दोन-तीन जण असा फोन घेऊन उभे, असे ते दिवस होते.

सिम्बियनच्या 9 व्या आवृत्तीत, म्हणजे आजोबांच्या एन73 च्या पिढीत, याचा चांगला बंदोबस्त झाला. प्रत्येक प्रोग्रामला डिजिटल सही हवी, आणि कोणाला काय हात लावता येईल याची वाटणी ठरली. आज अँड्रॉइड परवानगी विचारतं त्याचाच हा आधीचा अवतार, आणि तो मजबूत होता. पण दोन गोष्टी बिघडल्या. 8 व्या आवृत्तीसाठी लिहिलेले जुने प्रोग्राम 9 व्या आवृत्तीवर चालेनात. आणि सही मिळवणं छोट्या प्रोग्रामरला इतकं किचकट झालं, की हौशी मुलांनी लिहिलेल्या कामाच्या चिजाही बाहेरच राहिल्या. गिऱ्हाईक एखादी डिक्शनरी किंवा कॅलेंडर घालायला जायचं, समोर यायचं "सर्टिफिकेट एरर". त्यावर सगळ्या दुकानदारांना ठाऊक असलेला उपाय एकच: फोनची तारीख वर्षभर मागे न्यायची, प्रोग्राम घालायचा, तारीख परत आणायची. मुदत संपलेल्या सहीवर तो चालायचा. दिवसातून दहा वेळा मी हे केलं असेल. सही ज्याला अडवायला होती तो अडला खरा, पण साधा माणूसही त्याच दारात अडकला, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

नोकियाच्याच एन95 चाही उल्लेख कर. मार्च 2007 मध्ये बाजारात आला: 5 मेगापिक्सेल, जीपीएस, वाय-फाय, 3जी. कागदावर त्या वर्षीच्या आयफोनपेक्षा कितीतरी पुढे, कारण आयफोनला तेव्हा ना 3जी, ना जीपीएस, ना व्हिडिओ शूटिंग, ना कॉपी-पेस्ट. पण एन95 ची बॅटरी 950 एमएएच, आणि 64 एमबी रॅमचा मोठा वाटा सिस्टीम सुरू होतानाच स्वतः व्यापून बसायची. दोन प्रोग्राम उघडले की तिसरा पहिल्याला बाहेर ढकलायचा. पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये लागेल तेवढाच भाग रॅममध्ये आणायची सोय झाली आणि तोच सेट एकदम मोकळा श्वास घेऊ लागला. यंत्र तेच, सॉफ्टवेअर बदललं, एवढा फरक. हे उदाहरण परीक्षकाला नक्की दाखव. आपल्याकडे मात्र त्या 3जीचा उपयोग शून्य होता. सरकारी कंपन्यांची 3जी सेवा देशात 2008-09 मध्ये सुरू झाली आणि खासगी कंपन्यांची 2010 च्या लिलावानंतर. तोवर नेट म्हणजे ईडीजीई, 2जीवरचंच मंद नेट, आणि सातपुड्याच्या पायथ्याला तेही धापा टाकत.

आता टच. यावर मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या भागातल्या हातांचा आणि याचा थेट संबंध आहे.

जुना टच दाबाचा होता, रेझिस्टिव्ह. वर लवचिक प्लास्टिकचा पडदा, खाली काच, मधे केसभर फट. दाबलं की दोन थर टेकायचे आणि कुठे टेकले ते व्होल्टेजवरून कळायचं. नख चालायचं, काडी चालायची, पेनचं टोपण चालायचं. रावेर-सावद्याकडे केळीची कापणी चालू असली की माणसाच्या हातावर चीक असतो. वाळला की काळा पडतो, घासून निघत नाही. असा माणूस नोकिया 5800 नखाने बिनधास्त चालवायचा. त्याच माणसाच्या हातात पहिल्यांदा कपॅसिटिव्ह टचचा, म्हणजे बोटाच्या विद्युतभारावर चालणारा, फोन आला तेव्हा तो माझ्या समोर स्क्रीनवर पाच-सहा वेळा बोट आपटत होता. चिकाचा जाड थर आणि भेगा पडलेली कातडी, बोटाचा विद्युतभार काचेपर्यंत नीट पोचतच नव्हता. घामाने ओलं बोट असलं की उलट, नको तिथे टच लागायचा. मे महिन्यात आपला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, घाम तर असणारच.

म्हणून दाबाचा टच चांगला होता का? नाही. दोन बोटांचं त्याला कळायचं नाही, त्यामुळे चिमटीने फोटो मोठा करणं नाही. वरचं प्लास्टिक घासून धूसर व्हायचं, उन्हात काही दिसायचं नाही. टच सरकायचा, म्हणजे 5 दाबलं की 6 लागायचा, आणि चार कोपऱ्यांतल्या खुणा टोचून पुन्हा जुळवून घ्यावं लागायचं. आणि 5800 मधली एस60 मुळात बटणांसाठी बनलेली होती, टच वरून चढवलेला. मेनूतलं चिन्ह एकदा दाबलं की उघडायचं, पण यादीतली ओळ एकदा दाबली की फक्त निवडली जायची, उघडायला पुन्हा दाबायचं. कुठे एकदा आणि कुठे दोनदा हे माणसाने लक्षात ठेवायचं. आयफोनने इथेच बाजी मारली. त्याची सिस्टीम बोट डोक्यात ठेवूनच लिहिली होती. यादी बोटाने ढकलली की ती हळूहळू थांबायची, टोकाला गेली की किंचित उसळायची, आणि माणसाला कुणी शिकवावं लागायचं नाही. 22 ऑगस्ट 2008 ला आयफोन 3जी भारतात आला, 8 जीबीचा 31,000 रुपयांना. त्यातून ब्लूटूथने गाणं पाठवता येत नव्हतं, कार्ड नव्हतं, बॅटरी निघत नव्हती. अहिराणी गाणी ज्या काळात एका फोनमधून दुसऱ्यात ब्लूटूथनेच गावोगाव फिरत होती, त्या काळात खान्देशात तो फार कुणी घेणार नव्हता. पण पुढचे सगळे फोन त्याच्यासारखे होणार, हे पहिल्यांदा यादी ढकलून पाहिली त्याच दिवशी मला कळलं.

त्याआधीचे खिशातले संगणक, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवरचे, पेनने चालणारे सेट, आपल्याकडे मोजकेच आले. वकील, डॉक्टर, एखादा मोठा कापूस व्यापारी, असे लोक घ्यायचे. वर्ड, एक्सेल, सगळं त्यात. पण 2005 च्या आधीच्या अशा बऱ्याच सेटमध्ये माहिती रॅममध्येच राहायची. बॅटरी पूर्ण उतरली की नंबर, हिशेब, सगळं पुसलं जायचं. भारनियमनात दोन दिवस गावाला राहून आलेला एक व्यापारी माझ्या टेबलावर कोरा सेट ठेवून नुसता बसून राहिला होता, बोललाच नाही. त्याच्या उधारीच्या नोंदी त्यात होत्या. मी काहीही परत आणू शकलो नाही. 2005 च्या विंडोज मोबाईल 5.0 ने माहिती फ्लॅश मेमरीत, म्हणजे बॅटरी उतरली तरी टिकणाऱ्या जागेत, कायम ठेवायला सुरुवात केली आणि हा दोष गेला. फुलीचं बटण दाबलं तरी प्रोग्राम बंद न होता मागे लपून चालत राहतो, हा मात्र राहिला.

ब्लॅकबेरीबद्दल थोडक्यात. ईमेल आधी तिच्या कंपनीच्या सर्व्हरवर आवळली जायची आणि मग फोनवर ढकलली जायची, म्हणून मंद नेटवरही मेसेज क्षणात. पण सगळ्यांचा रस्ता त्याच सर्व्हरवरून. ऑक्टोबर 2011 मध्ये ते बसले तेव्हा जगभरचे लोक काही दिवस अडकले. आतली मेमरी भरत आली की ती स्वतःहून जुने कॉल आणि मेसेज पुसायची, हे फार थोड्यांना माहीत होतं. कीबोर्ड मात्र तसा पुन्हा कुणाला जमला नाही.

अँड्रॉइडचा पहिला फोन ऑक्टोबर 2008 मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्यात स्क्रीनवरचा कीबोर्डसुद्धा नव्हता. तो 2009 च्या 1.5 आवृत्तीत आला. आपल्याकडे गल्लोगल्ली अँड्रॉइड पोचला तो 2011-12 च्या सात-आठ हजारांच्या सेटनी. त्यांचा रोग एकच, जागा. प्रोग्रामसाठी आत दोनशे एमबीही मिळायची नाही. आठ जीबीचं कार्ड रिकामं असायचं आणि फोन म्हणायचा "जागा कमी आहे", कारण कार्डावर प्रोग्राम अर्धाच सरकायचा, उरलेला आतच राहायचा. गिऱ्हाइकाला हे समजावताना मी घराचं उदाहरण द्यायचो: कार्ड म्हणजे खळं, पीक तिथे ठेवता येतं, चूल घरातच लागते. त्यात नवी आवृत्ती आली तरी या स्वस्त सेटना ती सहसा मिळायचीच नाही. सिम्बियनने जपलेली काटकसर अँड्रॉइडने सोडून दिली होती. बदल्यात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्या कुठल्याही पोराला प्रोग्राम लिहिता यायला लागला. सिम्बियन का हरलं, याचं उत्तर मला विचारशील तर इथे आहे. मेमरी स्वस्त होत गेली आणि माणसाचा वेळ महाग. फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हात मिळवला, ती नंतरची गोष्ट.

एक दोष मात्र इंग्रजी लेखांत तुला क्वचितच सापडेल, तो मुद्दाम लिही. मराठी. साध्या स्वस्त कीपॅड फोनमध्ये देवनागरी मेनू आणि मेसेज होते, आणि बऱ्याच महागड्या स्मार्टफोनमध्ये नव्हते. 4.0 च्या आधीच्या बहुतेक अँड्रॉइडवर मराठी उघडलं तर चौकोन दिसायचे, किंवा वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसायची आणि जोडाक्षर फुटायचं. यावर आमच्याकडे एक इलाज होता. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी "ऑपेरा:कॉन्फिग" लिहायचं आणि खाली बिटमॅप फॉन्टचा पर्याय "यस" करायचा. मग त्यांचा सर्व्हर मराठी अक्षरांचं चित्र करून पाठवायचा आणि मोबाईलवर वर्तमानपत्र वाचता यायचं. धरणगावच्या एका निवृत्त शिक्षकांना हे करून दिलं तेव्हा ते दुकानातच उभ्याउभ्या अग्रलेख वाचत राहिले, मी स्टूल दिलं तरी बसले नाहीत. मेसेजचंही तसंच. इंग्रजीत एका मेसेजला 160 अक्षरं, देवनागरीत 70. म्हणून लोक रोमन लिपीत मराठी लिहायला शिकले, आणि ती सवय अजून गेलेली नाही.

आता आजोबांचा सेट. घाईने चार्जर लावू नकोस. आधी मागचं झाकण काढून बॅटरी बाहेर घे. ती काचेवर आडवी ठेवून बोटाने फिरकी दे. भोवऱ्यासारखी फिरली तर पोट फुगलं आहे, ती परत घालायची नाही. बीपी-6एम नावाची दुसरी बॅटरी घे. चार्जर बारीक पिनवाला लागेल, जुन्या नोकियाची जाडी पिन त्यात जात नाही. पहिल्यांदा अर्धा तास स्क्रीनवर काहीच दिसलं नाही तर घाबरू नकोस, फार उतरलेली बॅटरी उठायला वेळ घेते. कोड मागितला आणि आजोबांनी बदलला नसेल तर तो 12345 असतो. कोणी काहीही सांगितलं तरी हिरवं बटण, स्टार आणि 3 एकदम दाबून फोन चालू करू नकोस. त्याने फोन सुरू होईल, पण आतलं सगळं जाईल.

फोटो बहुतेक खालच्या खाचेतल्या मिनीएसडी कार्डावर असतील. ते कार्ड आजच्या कार्ड रीडरमध्ये थेट बसत नाही, ॲडॉप्टरची पट्टी लागते, माझ्याकडे आहे. फोनच्या आत असलेले फोटो गॅलरीत जाऊन ब्लूटूथने तुझ्या मोबाईलवर पाठव. नंबरही तसेच, कॉन्टॅक्टमध्ये "मार्क ऑल" करून. मेसेज असे ब्लूटूथने पाठवता येत नाहीत, त्यासाठी जुना कॉम्प्युटर आणि नोकियाचं पीसी सूट हे सॉफ्टवेअर लागेल, तेव्हा सेट घेऊनच ये. सिम घालून बघायचं असेल तर जिओचं चालणार नाही, कारण त्यांच्याकडे 2जी-3जी नाहीच. दुसऱ्या कंपनीचं आण, आणि लहान सिमला लागणारी प्लास्टिकची चौकट विसरू नकोस. कॅमेऱ्याचं झाकण खाली सरकवलं की कॅमेरा आपोआप चालू होतो. ते अडकलं असेल तर जोर लावू नकोस, आत धूळ असते, मी ब्रशने काढून देईन.